बर्फाचा निरोप

हेलिकॉप्टरमध्ये बसवण्याआधी त्यांनी आमची वजनं केली आणि त्याप्रमाणे जागा दिल्या. मला पायलटशेजारी, बायकोला मागच्या खिडकीत. सहलीचा आठवा दिवस होता. रोज पहाटे उठून डोंगर बघून बघून मी इतका दमलो होतो, की बर्फाचा आणखी एक डोंगर दिसला काय आणि न दिसला काय.

वर गेल्यावर खाली नुसतं पांढरं. त्यावरून आमची माशीएवढी सावली पळत होती. आवाजात बोलणं शक्य नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारानंतर तेही बरंच वाटलं. शिखरं जवळ आली, मागे पडली, आणि पंधरा मिनिटांत आम्ही पुन्हा जमिनीवर.

गुडघ्यांमुळे हिला उतरायला वेळ लागला. तिथली माणसं घाई करत होती. तरी ही थांबली, शिखरांकडे वळली आणि म्हणाली, “येते हं.”

“कोणाला सांगतेस?” मी वैतागलो.

“कोणाला नाही. सवय.”

आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. शेजारणीकडून विरजण घेऊन निघतानाही ‘येते’च म्हणायचं. इथे मात्र पुन्हा येणं नाही, हे तिच्या गुडघ्यांना आणि माझ्या छातीला पक्कं ठाऊक होतं.

तिचा हात धरून गाडीकडे निघालो. दहा पावलांत धाप लागली म्हणून थांबलो. तेवढ्यात हेलिकॉप्टर पुढच्या लोकांना घेऊन उडालं. त्या आवाजात हिला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मीही म्हणून घेतलं, “येतो.”