सोजराबाईचा पांगुळगाडा

तीन गुरुवार चुकले तर मशीन दुसरीकडे देईन, असं ग्रामसेविका कोकिळाबाईंनी सगळ्या बायांसमोर सांगितलं होतं. सोजराबाईचे दोन चुकून बसले होते.

महाराष्ट्र होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. महिला मंडळाला शिवणाची एकच मशीन मिळाली, हाताने फिरवायची. ती राहायची वरवट बकालला, आणि दर गुरुवारी दोन कोसांवर संग्रामपूरच्या बायांना शिकवायला न्यायची. जी नेईल आणि तिथे चालवून दाखवेल, तिच्याच घरी मशीन. वरवटमध्ये शिवता येणारी बाई एकच. सोजराबाई. माहेरी शिंप्याच्या ओट्यावर बसून बघता बघता शिकलेली. नवरा मोतीराम वांगी-मिरच्या पिकवायचा, कमी बोलायचा. लग्नाला चौदा वर्षं झाली, मूल नव्हतं. त्यामुळे लोक तिच्या घरावरून जाताना जरा लांबूनच जात. मशीन आली आणि बाया दारात उभ्या राहू लागल्या. झंपर बेतून दे, लेकराची टोपी शिवून दे. सोजराबाईने मशीन देवाच्या पाटाशेजारी ठेवली. सकाळी देवाला फूल वाहिलं की एक मशीनीलाही वाहायची.

पहिला गुरुवार चुकला तो डोक्यावरून नेताना. नाल्यात पाय घसरला. मशीन तिने पडू दिली नाही, पण मान अशी लचकली की तिथेच बसून राहिली. डॉक्टर म्हणाले, यापुढे डोक्यावर वजन बंद. दुसऱ्या गुरुवारी भगवंतरावांनी आपणहून बैलगाडी दिली. गावातले वजनदार गृहस्थ, नाही कसं म्हणायचं? वाळलेल्या चाकोरीतून गाडी आदळत आदळत गेली. संग्रामपुरात झाकण उघडलं तर सुई मोडलेली आणि खालच्या दोऱ्याची डबी अडकून बसलेली. बाया आल्या तशा परत गेल्या.

दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती होऊन मशीन घरी आली, त्याच संध्याकाळी भगवंतराव ओसरीवर आले.

"सोजरे, तुह्यानं होत नाई हे. मशीन आमच्या सुनेकडं, अन्नपूर्णेकडं राहू दे. घरी गाडी आहे, माणसं आहेत."

सोजराबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. "मामाजी, सूनबाईले सुईत दोरा ओवता येत नाई."

"शिकंल ना."

"अन् मशीन मोडली ते तुमच्याच गाडीत."

भगवंतराव उठले. जाताना मोतीरामला म्हणाले, "बायकोले आवर बे." मोतीरामने मिरच्यांची देठं खुडणं थांबवलं नाही.

गुरुवार सहा दिवसांवर होता. सोजराबाईला चाकांवरचं काहीतरी हवं होतं, जे तिला एकटीला ओढता येईल आणि ज्यात मशीन हलणार नाही. तिने परीक्षा ठरवली. मशीनीच्या वजनाचा घरातला पाटा ठेवायचा, त्यावर काठोकाठ भरलेला तांब्या, आणि गाडी ओढत मारुतीच्या देवळापर्यंत जायचं. पाणी किती सांडतं ते बघायचं.

मोतीरामने कुठूनशी चाकं लावलेली लोखंडी पेटी आणली. दिसायला झोकदार. पण चाकं रुपयाएवढी. फुफाट्यात पेटी पोटावर बसली आणि देऊळ यायच्या आधी तांब्या अर्धा झाला. मग वखारीतली चार चाकांची ढकलगाडी. तिचं एक चाक चाकोरीत उतरलं की दुसरं मधल्या उंचवट्यावर चढायचं. तांब्याच कलंडला.

सोमवारी ती निवृत्ती सुताराकडे गेली. तो वखराचा दांडा तासत होता. त्याच्यामागे खुंटीला नवाकोरा पांगुळगाडा टांगलेला. लहान मूल ज्याला धरून पावलं टाकायला शिकतं तो, तीन चाकांचा. सोजराबाई बघतच राहिली. अरुंद होता. मधल्या उंचवट्यावरून, पायवाटेवरून, कुठूनही गेला असता.

"हे काढ बरं खाली."

निवृत्ती थबकला. "वहिनी, कोनाच्या लेकराले?"

"माह्या."

त्याच्या हातातला तासायचा वाकस तसाच राहिला. गावात म्हणत, की ज्या घरात मूल नाही तिथे रिकामा पांगुळगाडा नेऊ नये; पुढे पाळणा हलत नाही. हे सोजराबाईलाही ठाऊक होतं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी जावेच्या मुलाचा गाडा तिने नुसता बाजूला सरकवला, तर सासूने हात धुवायला लावले होते.

"माह्या मशीनीले पाह्यजे," ती म्हणाली. "चाकं वीतभर मोठी कर. खाली फळी ठोक. चाकाइवर सायकलच्या जुन्या टायराची पट्टी मार."

"वहिनी, लोकं काय म्हनतील?"

"ते चौदा वर्षांपासून म्हनून राह्यले. तू फळी ठोक."

मंगळवारी तांब्या देवळापर्यंत गेला आणि चूळभर पाणी सांडलं, तेवढंच. रात्रीच्या आत तिने गोणपाटाची जाड पिशवी शिवली, आत जुन्या वाकळेचं अस्तर, बाजूला कात्रीला, तेलाच्या कुपीला, दोऱ्याच्या रिळांना खिसे. मशीन त्या पिशवीत, पिशवी गाड्यात, वरून दोन फेर दोरी.

गुरुवारी सकाळी तिने तिन्ही चाकांना कुंकू लावलं, देवाला हात जोडले आणि गाडा ओढायची दोरी खांद्यावर घेतली. मोतीराम दारात उभा होता. "मागच्या गल्लीनं जाय. तिकडं कोनी नसते."

"मी चोरी केली काय?"

मोतीरामने क्षणभर विचार केला. "नाई केली," म्हणाला, आणि गाड्यापुढचा दगड पायाने बाजूला केला.

कोरड्या लाकडाचा आस. गाडा कुईकुई करत निघाला आणि अख्ख्या आळीला वर्दी गेली. रुखमाबाई, तिची जाऊ, सडा टाकता टाकता कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काऊन वं सोजरे, पांगुळगाडा! अन् लेकरू कुठी आहे?"

"निजलं आहे पिशवीत. उठलं की तुह्या झंपराच्या बाह्या लावते."

कोणीतरी फिसकन हसलं. रुखमाबाईने बादली आपटली.

मारुतीच्या देवळापुढच्या पारावर भगवंतराव चार जणांसह बसले होते. त्यांनी हातातली काठी सहज टाकावी तशी रस्त्यात आडवी टाकली.

"सोजरे, हे बरं दिसत नाई. असा गाडा गावातून नेनं अपशकुन असते."

तिने मारुतीकडे पाहून नमस्कार केला, पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "मामाजी, काठी उचला. आज तिसरा गुरुवार आहे."

कोणी हललं नाही. ती वाकली, काठी उचलली, भगवंतरावांच्या शेजारी पाराला नीट टेकवून ठेवली आणि दोरी पुन्हा खांद्यावर घेतली. गाडा कुईकुई करत त्यांच्या पुढून गेला.

संग्रामपुरात कोकिळाबाईंनी आधी चाकांवरचं कुंकू पाहिलं, मग तिच्याकडे. "उघडा," एवढंच म्हणाल्या. सोजराबाईने दोरा ओवला, मांजरपाटाचा तुकडा घातला आणि हँडल फिरवलं. टीप सरळ, एकही टाका सुटलेला नाही. कोकिळाबाईंनी तुकडा उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी ओढून बघितला आणि वहीत सोजराबाईच्या नावापुढे खूण केली.

जायच्या वेळी त्यांनी तिला बाजूला घेतलं. "मंडळाकडून चांगली चाकाची पेटी मागवून देते. कुलपाची. म्हणजे लोकांची बोलणी तरी बंद होतील तुमची."

"पेटीत पानी सांडते, बाई," सोजराबाई म्हणाली.

"पाणी?"

तिने तांब्याची हकीकत सांगितली. कोकिळाबाई मनापासून हसल्या आणि पेटीचं नाव पुन्हा काढलं नाही.

पुढल्या गुरुवारीही काठी रस्त्यात होती. त्याच्या पुढल्या गुरुवारी मात्र नुसती कुईकुई ऐकून, गाडा वळणावर यायच्या आतच ती उचलली गेली. निवृत्तीने तो आवाज ऐकून एकदा हाक मारली, "वहिनी, थांबा, आसाले तेल घालून देतो. लय कुरकुरते."

"राहू दे."

पिशवीच्या खिशात तेलाची कुपी कायम असायची. मशीनीच्या प्रत्येक भोकात सोजराबाई नेमाने थेंब थेंब सोडायची. चाकांना तिने कधीच घातलं नाही.