पातेल्यातले पिवळे वंगण

ती सकाळ आठवली की आजही मन प्रसन्न होते. सिंगापूरच्या पोलीस दलातील दीर्घ सेवेत मी अनेक तपास केले. पण ज्याच्या अखेरीस संशयित, खबर देणारी व्यक्ती आणि तपास अधिकारी एकाच टेबलाशी बसून शिरा खात होते, असा तपास हा एकच.

वडिलांनी मला घरीच मराठी आणि संस्कृत शिकवले. ड्यूटीपूर्वी स्तोत्रपठण करण्याचा नेम मी कधी मोडला नाही. त्या दिवशी तो आटोपून ठाण्यात पाऊल ठेवतो तोच फोन खणखणला. एक वृद्ध चिनी बाई, इथल्या बोलीच्या सवयीने वाक्याला 'लाह' जोडत, घाबऱ्या आवाजात सांगत होत्या, "ऑफिसर, शेजारचा माणूस बंदुकीची गोळी बनवतोय, लाह! टेबलावर चित्र आहे, मी दारातून पाहिलं. पातेल्यात काहीतरी पिवळं शिजतंय!"

आमच्याकडे शस्त्राच्या संशयाइतकी गंभीर बाब दुसरी नाही. खबर नोंदवून मी एका सहकाऱ्यासह तत्काळ निघालो.

दार उघडणारा पुण्याचा इंजिनिअर होता. त्याला सपाटून सर्दी झाली होती. त्याची आई दोन महिन्यांसाठी पुण्याहून आलेली. ओट्यावरच्या स्टीलच्या पातेल्यात पिवळे मिश्रण थिजत होते. टेबलावर खाचा असलेल्या गोळीचे चित्र आणि खाली प्रमाण लिहिलेले: मधमाशीचे मेण एक भाग, बोकडाची चरबी एक भाग. झडतीत शस्त्र, बंदुकीची दारू वा शिसे काहीच मिळाले नाही.

"सर, एका परवानाधारक खासगी संग्रहात काळ्या दारूची जुनी रायफल आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "मी रविवारी तिची देखभाल करायला जातो. गोळीच्या खाचांत भरायला आणि नळीला आतून लावायला हे वंगण लागतं."

"मशीनचं तेल का चालत नाही?"

"काळ्या दारूच्या काजळीत खनिज तेल मिसळलं की डांबरासारखा थर बसतो, सर. म्हणून मेण आणि चरबी."

उत्तर अचूक होते. परंतु संग्रहाचे व्यवस्थापक पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला गेले होते आणि फोन उचलत नव्हते. हातात लेखी पत्र नव्हते. मी पातेल्यावर वाकलो. मेणाचा वास होता. चरबीचा मुळीच नव्हता.

"यात चरबी आहे?"

"हो सर. मीच वितळवली."

अवघड प्रश्नाचे उत्तर बरोबर देणारा माणूस सोप्या प्रश्नाला खोटे बोलतो, तेव्हा तो काही दडवत असतो, असा माझा अनुभव. "ठाण्यात यावं लागेल," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. "सर, माझ्या एम्प्लॉयमेंट पासचं नूतनीकरण चालू आहे. अटकेची नोंद झाली तर सगळं संपेल."

मला त्याची दया आली. पण दया हा पुरावा नव्हे. तो बूट घालू लागला आणि माझे लक्ष त्याच्या आईकडे गेले. देवघरापाशी उभी राहून ती लखलखीत निरांजन पुन्हा पुन्हा पुसत होती. तिला मी एकही प्रश्न विचारला नव्हता. मी मराठीत म्हणालो, "मावशी, या पातेल्याला तुमचा हात लागला का?"

"अगोबाई, तुम्ही आपलेच!" आणि तिचा बांध फुटला. "लागला, साहेब! याच ओट्यावर मी नैवेद्य करते. हा आंघोळीला गेला आणि बघते तर पातेल्यात बोकडाची चरबी! दिली टाकून. पातेलं घासलं आणि तेवढंच साजूक तूप वितळवून ठेवलं. यानं येऊन त्यात मेण घातलं."

"आई! आणि इतका वेळ गप्प बसलीस?"

"तू ओरडशील म्हणून. तुला वास तरी कळला का रे?"

"नाक बंद आहे माझं!"

माझा सहकारी तोंड फिरवून हसत होता. कचरापेटीत मांसविक्रेत्याची पिशवी आणि तुपाची रिकामी बरणी सापडली. दोन्ही मी पंचनाम्यात नोंदवल्या. दुपारी निरोप मिळताच संग्रहाचे व्यवस्थापक परवाना घेऊन तिथेच धावत आले. मिश्रण बोटाने चोळून म्हणाले, "तूप? मीठ नाही, म्हणजे नळी गंजणार नाही, उत्तम. मेण वाढवा फक्त, इथल्या उकाड्यात पाघळेल, लाह!" अटकेची नोंद झाली नाही. शेजारच्या बाईंचे मी मनापासून आभार मानले, कारण त्यांनी कर्तव्यच केले होते. मावशींनी आम्हा सर्वांसाठी शिरा केला आणि त्यांनाही बोलावले. पुढे त्या मुलाचा पासही वाढवून मिळाला.

मी माणसाला, कागदाला आणि पातेल्याला प्रश्न विचारले. स्वयंपाकघर जिचे, तिला मात्र सर्वांत शेवटी विचारले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत कोणत्याही घरी चौकशीस गेलो, की स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला आधी नमस्कार करी आणि मगच वही उघडी.

त्या दिवशी निघताना मावशींनी हळूच विचारले, "साहेब, देवाचं तूप बंदुकीला लागणार. दोष नाही ना?"

"मावशी, त्या तुपानं आज एक निरपराध माणूस सुटला. कसला दोष?"

"मग पुढच्या वेळी तूप आधी देवाला दाखवीन," त्या म्हणाल्या, "आणि मगच बंदुकीला देईन."