न पाहिलेलं मिठागर

भाईंदरच्या मिठागराचं वर्णन मी गेल्या वर्षी छापलं आणि ते मिठागर पाहिलं या मार्चमध्ये. प्रवासवर्णनाची ही उलटी रीत आहे. ती कशी झाली, हे सांगितल्याशिवाय पुढचा प्रवास सांगता येणार नाही.

नाशिकहून सकाळची बोरिवलीची एसटी पकडली. मांडीवर एक प्लॅस्टिकची फाइल होती, आणि तिच्यात दोन पत्रं. एक मला आलेलं, एक मी लिहिलेलं. घरून निघताना यांनी विचारलं, "फोनवर बोललीस तर नाही का चालणार?" मी चप्पल घालत म्हटलं, "नाही चालणार." तीन आठवडे मी स्वतःलाही हाच प्रश्न विचारत होते आणि दर वेळी उत्तर टाळत होते.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर एका विज्ञान मासिकात महिन्याला एक पान लिहू लागले. ग्रहांविषयी नवं संशोधन काय आलं, आणि त्या क्षेत्रात आपल्या मुलामुलींना शिरायचं असेल तर वाट कुठून आहे, असं त्या पानाचं स्वरूप. कुठल्या संस्थेत उन्हाळी प्रशिक्षण असतं, अर्ज कोण करू शकतं, रसायनशास्त्रवाल्यांना जागा असते का. मुलांची पत्रं यायची. त्यांना उत्तरं देताना मला आपण फार उपयोगाचे आहोत असं वाटायचं.

एका लघुग्रहावरून यानाने आणलेल्या खड्यांमध्ये क्षार सापडले, ही बातमी मी दिली होती. कधीकाळी तिथे खारं पाणी होतं आणि ते आटत गेलं, असा त्याचा अर्थ. त्यावर भाईंदर पूर्वेच्या खारी गावातून हर्षाली भोईर नावाच्या मुलीचं पत्र आलं. रेघांच्या कागदावर, निळ्या शाईत. तिने लिहिलं होतं, "माझे वडील मिठागरात काम करतात. ते सांगतात, पाणी आटताना सगळं एकदम पडत नाही. आधी पापुद्रा धरतो, मग मीठ पडतं, आणि शेवटी कडू पाणी उरतं ते सोडून द्यावं लागतं. मग त्या लघुग्रहाच्या खड्यात कुठला क्षार आधी आणि कुठला नंतर, यावरून तिथलं पाणी कसं आटलं ते सांगता येईल का?" सोबत वडिलांनी पेन्सिलीने काढलेला खाचरांचा नकाशा होता.

शास्त्रज्ञ याच दिशेने विचार करतात. पण मला ते असं, इतक्या जवळून, कधी सुचलं नव्हतं. पुढच्या महिन्यात पान द्यायची मुदत आली, विषय हाताशी नव्हता, आणि मी लिहिलं, "एकदा भाईंदरजवळून जाताना मी एका मिठागराशी थांबले. समोर पांढरंशुभ्र, डोळे दिपवणारं..." पुढे तिचंच सगळं. पापुद्रा, मीठ, कडू पाणी. तिचं नाव कुठेच नाही. मी तिथे कधी थांबले नव्हते. त्या लेखाचं खूप कौतुक झालं. दोन कॉलेजांनी व्याख्यानाला बोलावलं आणि मी गेले.

यंदा हर्षालीने एका संस्थेच्या उन्हाळी प्रशिक्षणासाठी अर्ज केला. या क्षेत्रात का यायचंय, याचं टिपण द्यायचं होतं. तिने स्वतःचंच, मिठाचं लिहिलं. ऑनलाइन मुलाखतीत समितीतले एक मराठी गृहस्थ म्हणाले, "हे मी एका मासिकात वाचलंय." ती म्हणाली, "सर, ते माझंच पत्र होतं." ते हसले. तिची निवड झाली नाही. तिच्याकडे पत्राची प्रत नव्हती. तिने मासिकाच्या कार्यालयाकडून माझा नंबर मिळवून एकच मेसेज केला, "मॅडम, माझं पत्र तुमच्याकडे असेल तर प्लीज त्यांना सांगाल का?"

पत्र होतं. कपाटात, वरच्याच कप्प्यात. मेसेज वाचल्यावर मी ते काढलं, वाचलं आणि पुन्हा ठेवलं. एका दुपारी ते चुलीत घालावं असंही मनात आलं. आमच्या घरी चूल नाही, पण मनात आलं ते आलं.

घोडबंदरच्या रस्त्याला ट्रकांमागे गाडी अर्धा तास अडकली. एरवी मी खिडकीतून डोंगराचे थर मोजले असते. त्या दिवशी मी फक्त फाइल धरून बसले होते.

काशीमिऱ्याला उतरून रिक्षा केली.

"खारीगाव."

"खारीगाव में किधर? बिल्डिंग का नाम बोलो."

"बिल्डिंग नहीं, गाव में जाना है. मीठवाले भोईर."

"गाव तो बिल्डिंग के पीछे है, मॅडम," तो म्हणाला आणि दहा मिनिटं टॉवरांमधून फिरवून त्याने मला एका पेढ्यांच्या दुकानाशी सोडलं. दुकानदार गुजराती. त्याने मराठीत, अगदी व्यवस्थित सांगितलं, "ह्या गल्लीतून सरळ, तुळस दिसेल, त्याच्यापुढे निळा दरवाजा." दोन सात मजली इमारतींच्या मधे कौलारू घरांची एक ओळ शिल्लक होती. वरून कुणाच्या तरी एसीचं पाणी टपकत होतं.

निळ्या दरवाजाशी हर्षाली उभी होती. सलवार-कमीज, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर हसू नाही आणि रागही नाही. "या मॅडम," म्हणाली. माझ्या हातातल्या फाइलकडे तिने एकदाच पाहिलं.

तिचे वडील, जनार्दनभाऊ, खुर्ची पुसत होते. मोठे तळवे, टाचा भेगाळलेल्या. आईने पाणी आणलं. दोघांच्या वागण्यावरून माझ्या लगेच लक्षात आलं, यांना काहीच माहीत नाही. त्यांच्या दृष्टीने मासिकात लिहिणाऱ्या बाई नाशिकहून त्यांच्या पोरीला भेटायला आल्या होत्या.

जनार्दनभाऊंनी टीव्हीखालच्या कप्प्यातून एक अंक काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. माझा लेख असलेलं पान त्यांनी दुमडून ठेवलं होतं.

"ह्यो बघा. आमच्या आगराचं छापून आलंय. मी समद्यांना दाखवला. मुकादमाला पन दाखवला." मग जरा आवाज उतरवून, जणू माझी अडचण होऊ नये म्हणून, ते म्हणाले, "पोरीचं नाव तेवढं छापताना ऱ्हायलं असंल. व्हतं तसं कवाकवा."

त्यांनी मला सुटायला वाट करून दिली होती. "हो, राहून गेलं," एवढं म्हटलं की संपलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयारही होतं. मी हर्षालीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती, माझी परीक्षाही घेत नव्हती.

"राहिलं नाही, भाऊ," मी म्हटलं. "मी घातलं नाही. तिचं पत्र मी माझं म्हणून छापलं. मिठागर मी पाहिलेलंसुद्धा नाही. आणि त्यामुळे मुलाखतीत हिलाच चोर ठरवलं."

त्यांनी अंक पुन्हा पिशवीत घातला. मग मुलीला विचारलं, "तुला म्हाईत व्हतं?"

"हो."

"मग सांगितलंस न्हाय?"

"तुम्ही तो अंक सगळ्यांना दाखवत होतात, बाबा."

आयुष्यात माझ्यावर बरेच लोक रागावले आहेत. त्या दिवशी कुणी रागावलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आतून तिची आई आली. तिने सगळं ऐकलं होतं. पदराला हात पुसत ती म्हणाली, "पानं घेतलीत. जेवा आदी." आवाज कोरडा होता, पण ताट मांडलेलं होतं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भात. मी शिकलेली बाई म्हणजे शाकाहारी असणार असं धरून तिने माझ्यासाठी हे वेगळं केलं होतं. बाकीच्यांसाठी चुलीवर निवट्या (खाडीच्या चिखलातले छोटे मासे) होत्या, त्यांचा वास घरभर होता. मी मासे खाते. तसं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या घराकडून आणखी काही मागायचं धैर्य माझ्यात नव्हतं. बिरडं फार चांगलं झालं होतं.

जेवणानंतर जनार्दनभाऊंनी पायात चपला सरकवल्या. "चला. लिवलंय तर बघून तरी जा."

आम्ही तिघं रिक्षाने निघालो. शेवटच्या इमारतीची भिंत संपली आणि रिक्षाही तिथेच थांबली. पुढे मातीचे बांध. मी छापलं होतं, पांढरंशुभ्र. समोर तपकिरी, हिरवट, कुठे गुलाबी झाक मारणारं पाणी चौकोनाचौकोनांत पडलेलं होतं. पांढरं फक्त लांबच्या ढिगांत, तेही मळकट. कुबट, खारा वास. अनेक खाचरं कोरडी, गवत उगवलेली. "ती बंद झाली," जनार्दनभाऊ म्हणाले. "आता थोडीच हायेत. भरतीचं पानी पयल्या खाचरात घ्यायचं, थांबवायचं, मग दुसऱ्यात, तिसऱ्यात. घाई केली तर मीठ कडू व्हतं." ते वाकले, काठावरचा करडा पापुद्रा नखाने उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यो आदी धरतो."

जिप्सम. मी तो तीस वर्षं फळ्यावर काढला होता. असा ओला, बोटात मोडणारा, कधी हातात घेतला नव्हता.

पुढच्या बांधावर माझा पाय घसरला आणि पोटरीपर्यंत चिखलात गेला. हर्षाली झेपावली. तिने आधी फाइल धरली, मग मला.

आम्ही एका ढिगाच्या सावलीत बसलो. जनार्दनभाऊ लांब जाऊन पाण्याची वाट मोकळी करू लागले. मी फाइल उघडून तिचं पत्र तिला दिलं. तिने ते वाचलं नाही, फक्त वडिलांचा नकाशा पाहिला आणि पूर्ण पत्राचे, पाकिटावरच्या शिक्क्यासकट, मोबाइलवर फोटो काढले. मग मी समितीला लिहिलेलं पत्र दिलं. तेच पत्र संपादकांनाही जाणार होतं. ते मात्र तिने शांतपणे, दोनदा वाचलं.

"मॅडम, पेन आहे?"

मी दिलं.

"'अनवधानाने उल्लेख राहून गेला' असं लिहिलंय तुम्ही. बाबांना आत्ता वेगळं सांगितलंत."

घरात ते वाक्य मी तोंडात अडवलं होतं, आणि कागदावर ते आधीच लिहून बसले होते. मला आठवतही नव्हतं. इतकं ते सहज आलं होतं.

तिने ते वाक्य खोडलं नाही. पेन मला परत दिलं. "तुम्हीच करा."

मी खोडलं आणि वर लिहिलं, "मी जाणूनबुजून नाव दिले नाही."

"आणि 'एका विद्यार्थिनीचे पत्र' नको. नाव लिहा. बाबांचं पण. ते त्यांचं आहे, मी फक्त विचारलं होतं."

तेही लिहिलं. मग ती गुडघे जवळ घेऊन पाण्याकडे बघत म्हणाली, "एक विचारू? तुम्ही लिहिलं होतंत, केमिस्ट्रीवाल्यांनाही ग्रहविज्ञानात घेतात. उल्कांचे दगड तपासायला, लॅबमध्ये. ते खरं आहे, की ते पण असंच?"

"ते खरं आहे," मी म्हटलं. आणि मग तासभर मला जे जे माहीत होतं ते सांगितलं. कुठे पीएचडीला कुठली परीक्षा लागते, कुठे एमएस्सीचा प्रकल्प करता येतो, दगडाची रासायनिक तपासणी शिकली तर कुठली दारं उघडतात. तिने प्रत्येक गोष्टीला विचारलं, "हे कुठे लिहिलेलं सापडेल?" आणि मोबाइलवर तिथेच शोधून, बघून, मगच पुढचा प्रश्न विचारला. तपासून घेण्याची ही सवय माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना मी लावू शकले नव्हते. तिला ती मी लावली होती, पण कशी.

निघताना मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफ केलं असं मी नाही म्हणणार, मॅडम. पण पत्र पाठवा. उद्याच पाठवा."

रिक्षात बसेपर्यंत तिची आई दाराशी उभी होती. हात तिने हलवला नाही, पण आतही गेली नाही.

पत्रं दुसऱ्या दिवशी गेली. समितीने हर्षालीला कळवलं की तिच्या टिपणावरचा उचलेगिरीचा शेरा काढून टाकला आहे, आणि एक जागा रिकामी झाल्यास पुन्हा बोलावू. संपादकांनी माझा खुलासा छापला आणि पान बंद केलं. ते योग्यच झालं. मग वाचकांची पत्रं आली. "केवढा मोठेपणा", "आजकाल असं कोण कबूल करतं". ती वाचताना मला प्रवासातल्यापेक्षा जास्त लाज वाटली. ज्या गोष्टीबद्दल तोंड लपवायला हवं, तिच्यावरही मला शाबासकी मिळत होती, आणि तिच्या वाट्याला फक्त रिकाम्या जागेची वाट पाहणं आलं होतं. हे वर्णनही छापण्याआधी मी तिला पाठवलं. तिने दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या, बाकी काही म्हटलं नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाई, जनार्दन बोलतोय, खारीवरनं. पोरीला बोलावलं. जातेय ती सोमवारी." जरा थांबून म्हणाले, "तिनं न्हाय सांगितलं तुमाला सांगायला. मीच करतोय फोन."

"अभिनंदन, भाऊ," मी म्हटलं.

पलीकडून ते म्हणाले, "बरं, ठेवतो. पानी सोडायचंय," आणि फोन ठेवला.