चार रात्री, तीन उशा: आंजर्ल्यापासून संगमेश्वरापर्यंत

या वेळी मी समुद्र बघायला निघाले नव्हते, देवदर्शनाला नव्हते आणि मासे खायला तर मुळीच नव्हते. मी उशी तपासायला निघाले होते. हसा खुशाल. आमच्या घरातही दोन दिवस हाच विनोद चालू होता.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी वैशाली, वय एक्कावन्न, राहणार रत्नागिरी. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते आणि गेली वीस वर्षं सुट्टी मिळाली की पाठीवर बॅग टाकून चालायला जाते. दिवाळीपासून मात्र सकाळी उठल्यावर उजव्या हाताची दोन बोटं सुन्न असायला लागली. डॉक्टर म्हणाले, मानेचा मणका. पाठीवर सहा किलोच्या वर काही नको आणि मानेखाली बरोबर उंचीची उशी हवी. मी विचारलं, मे महिन्यात हिमालयात नऊ दिवस चालायचं ठरलंय, जाऊ का? त्यांनी थोडा वेळ पंख्याकडे बघितलं. "चार-पाच रात्री बाहेर, चटईवर झोपून बघा. सकाळी हात जागेवर असेल तर जा. नसेल तर तिथे वर जाऊन तमाशा करू नका."

आमचा सात जणींचा गट आहे. सगळं ठरवते ती मेधा, शाळेत शिक्षिका, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "चल, मी येते सोबत. चार रात्री करू." मार्चमधली जोडून आलेली सुट्टी गाठली. चारही सकाळी हात ठीक राहिला तर मी मे महिन्यात जाणार, नाही तर नाव मागे घेणार, असं मीच तिला सांगितलं. मोठ्या रुबाबात सांगितलं.

रत्नागिरीहून सकाळच्या एसटीने दापोली, तिथून आंजर्ले. एसटीचा हा प्रवास अर्धा दिवस खातो, पाठ आणि कंबर वेगळी खाते. उन्हाळ्यात जाणार असाल तर उजवीकडची खिडकी धरू नका, सकाळभर ऊन तोंडावर येतं. आंजर्ल्याला एका घरगुती मुक्कामात उतरलो. माशांचं ताट चांगलं, सोलकढी हवी तेवढी. संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो. मालकीणबाईंना मी विचारलं, आम्ही पडवीत चटईवर झोपलो तर चालेल का? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"खोलीचे पैसे भरलाव ना? मग खाली कशाला झोपताव?"

"उशी तपासायचीय," मेधाने सांगितलं.

"आमच्या उशा चांगल्या हायत हो. आताच अभ्रे बदललेत."

त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. समजावता समजावता आमच्या नाकी नऊ आले.

पहिली उशी हवेची. वजन ऐंशी ग्रॅम, घडी केली की मुठीत मावते, दुकानात बाराशे रुपयांना मिळाली. ज्यांना वजनाचं वेड आहे त्यांना ही उशी दुकानात बघताक्षणी आवडते. मलाही आवडली होती. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टूथब्रशसुद्धा मोजणारी बाई आहे. पण हवा पूर्ण भरली की ती डोक्याला खाली टेकू देत नाही, आणि कूस बदलली की चटईवरून सरकून पायाशी जाते. एक गोष्ट शिकले ती सांगते: हवा निम्मीच भरा आणि वरून जुना सुती टी-शर्ट चढवा, सरकणं आणि करकर दोन्ही कमी होतं. पाठीवर झोपणाऱ्यांना एवढ्यावर भागेल. मी कुशीवर झोपते. सकाळी दोन बोटांना मुंग्या होत्या.

"पहिली रात्र मोजायची नसते," मेधा म्हणाली. मी ते लगेच मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आत निघून हर्णै आणि तिथून मुरुडवरून कर्द्यापर्यंत चालत गेलो. हर्णैच्या बंदरावर सकाळी पोचलात तर लिलाव बघायला मिळतो, फक्त मासळीच्या चिखलात चपलांची आशा सोडा. पुढे किनाऱ्याने जाताना ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या. बॅग पाच किलो नऊशे होती. वीस वर्षांत एवढी हलकी बॅग मी कधी नेली नव्हती आणि तरी दुपारपर्यंत मान भरून आली. मेधा पुढे चालत होती आणि दर थोड्या वेळाने बुटाची नाडी बांधायला थांबत होती. तिची नाडी सुटलेली नव्हती. ती माझ्यासाठी थांबत होती आणि मला ते कळतंय हे तिलाही कळत होतं.

कर्द्याला दुसरी उशी. फोमच्या तुकड्यांची, पिशवीत दाबली की सोललेल्या नारळाएवढी होते, बाहेर काढली की हळूहळू फुगते. वजन दोनशे ऐंशी ग्रॅम. झोपायच्या अर्धा तास आधी उघडून ठेवा, नाही तर अर्ध्या उशीवर झोपाल. आराम हवेच्या उशीपेक्षा कितीतरी जास्त. माझी तक्रार उंचीची. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याच्या रुंदीएवढी उशी लागते, म्हणजे मान आडवी सरळ राहते. ही डोकं ठेवल्यावर बसते आणि पहाटेपर्यंत मान खाली झुकलेली असते. दुकानात हाताने दाबून बघून काही कळत नाही. लाज न बाळगता तिथल्या फरशीवर आडवे व्हा आणि दहा मिनिटं पडून राहा.

त्या सकाळी चहाचा कप हातातून निसटला. मालकांचा कप होता, फुटला. मी हसत म्हटलं, ओला होता. कोरडा होता.

तिसऱ्या दिवशी किनारा सोडला. दापोलीची गाडी, मग चिपळूणला बदलून संगमेश्वर. हायवेचं काम अजून चालूच आहे, तेव्हा खिडकीजवळ बसलात तर तोंडाला रुमाल बांधा. संगमेश्वरच्या अलीकडे सावरीची झाडं लाल फुलांनी भरली होती, पानाचा पत्ता नाही. मेधाच्या शाळेतल्या एका सरांचं गाव आत आठ किलोमीटरवर आहे, तिथपर्यंत रिक्षा मिळाली. तिथे त्यांची आई, सुमनमावशी, एकट्या राहतात. धाकटा मुलगा मुंबईला. पुढच्या खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती, समोर मेणबत्ती, शेजारी नातवंडांचे फोटो. तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं तयार होतं.

मी सवयीने अंगणात चटई पसरली आणि उशा काढल्या. मावशींनी हवेची उशी बोटाने दाबून बघितली.

"हा तर फुगा हाय," त्या म्हणाल्या. "याच्यावर डोकं कसं ठरंल, बाय?"

मी त्यांना हाताचं सांगितलं. का कोण जाणे, मेधाला सांगितलं होतं त्यापेक्षा खरं सांगितलं. बटण लावताना वेळ लागतो, भाजी चिरताना सुरी डाव्या हातात घेते, सगळं सांगितलं. मावशी आत गेल्या आणि एक उशी घेऊन आल्या. सावरीच्या कापसाची. वैशाखात बोंडं फुटतात तेव्हा परड्यातल्या झाडाखालून त्या कापूस वेचतात, एकेक बी हाताने काढतात, कारण बी राहिली की उंदीर उशी कुरतडतात. मग नाकातोंडाला पदर बांधून, दार-खिडकी लावून कापूस भरायचा, नाही तर सगळा घरभर उडतो. दर वर्षी एक उशी मुंबईच्या मुलासाठी.

"नेत नाय तो," मावशी म्हणाल्या. "खोलीत जागा नाय म्हनतो. तुमी न्या."

त्या रात्री मी झोपले. एवढंच लिहिते, कारण दुसरं काही आठवत नाही. सकाळी मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. बोटं माझी होती. मी मेधाला हलवून उठवलं आणि तिच्या नाकासमोर हात नाचवला. ती हसली, पण लगेच उठून तोंड धुवायला गेली. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. माझ्या डोक्यात मे महिना सुरू झाला होता. उशी भरली तीनशे चाळीस ग्रॅम. दोन कपडे आणि डबा काढून टाकला की बसत होतं.

निघताना मावशी फाटकापर्यंत आल्या. "बाय, हिला दाबू नका हां. सावर दाबायची नसते. एकदा बसली की परत उठत नाय. हातात धरून न्या."

आता आम्ही बॅगवाले लोक कसे असतो, ते तुम्हाला माहीत आहे. बाहेर काही लोंबकळलेलं आम्हाला खपत नाही. जे आहे ते दाबा, पट्टे आवळा, आत कोंबा. मावशी दिसेनाशा होईपर्यंत मी उशी छातीशी धरून चालले. मग वळणावर बसले, फोमच्या उशीची पिशवी काढली, तिच्यात सावरीची उशी गुडघ्याने दाबून भरली आणि दोन्ही पट्टे ओढले. मेधा म्हणाली, "अगं, त्या नको म्हणाल्या ना?" मी म्हटलं, कापूसच आहे, उन्हात ठेवला की फुगेल. वीस वर्षांचा अनुभव बोलत होता.

त्या दिवशी सड्यावरून चाललो. सगळा कातळ, सावली शोधून सापडत नाही, मार्चमध्ये दहाच्या आत पलीकडे उतरायला हवं. प्रत्येकी तीन लिटर पाणी न्या. आम्ही पलीकडच्या गावात देवळाच्या सभामंडपात, गुरवांना विचारून, मुक्काम केला. उशी बाहेर काढली तर ती भाकरीसारखी चपटी झाली होती, आत गोळे. दुपारभर उन्हात ठेवली. झटकली. शिवण उसवून बोटांनी कापूस मोकळा करायचा प्रयत्न केला, तेव्हा हातात धागे नाहीत, भुगा आला. एका बाईने वर्षभर जपून ठेवलेली वस्तू मी अर्ध्या दिवसात मारली. मला माझा इतका राग आला की जेवण गेलं नाही.

चौथ्या सकाळी पूर्ण हातच जागेवर नव्हता. खांद्यापर्यंत. मी उठून बॅग भरली आणि कमरेचा पट्टा लावायला गेले, तर क्लिप दोन बोटांत धरता येईना. तीन वेळा प्रयत्न केला. मेधा समोर येऊन गुडघ्यावर बसली आणि लहान मुलाच्या शाळेच्या दप्तरासारखा माझा पट्टा लावून दिला. मग माझी बॅग काढून घेतली आणि स्वतःच्या छातीवर अडकवली. एसटीच्या थांब्यापर्यंत अडीच किलोमीटर मी रिकाम्या पाठीने तिच्या मागून चालले. वीस वर्षांत मी माझी बॅग कुणाला दिली नव्हती. मी रडत होते आणि ते लपवायचाही कंटाळा आला होता.

मी स्वतःची समजूत घालू शकते की उशी दाबली नसती तर चौथी सकाळही तिसरीसारखी गेली असती. दोन-तीन दिवस घातलीही. पण तिसऱ्या दिवशी मी चाललेच नव्हते, दिवसभर गाडीत बसले होते. पाठीवर ओझं नव्हतं म्हणून हात जागा राहिला. उशीने फार तर बोटांच्या मुंग्या थांबवल्या, ओझ्यापुढे तिचं काही चाललं नसतं.

रत्नागिरीला दुपारी पोचलो. मेधा माझी बॅग वर घेऊन आली. मी तिला पाणी दिलं, डाव्या हाताने, आणि म्हटलं, "माझं नाव काढ."

ती भांडं हातात धरून बसली. पाणी प्यायली नाही.

"वैशू, तिकिटं सहाच काढलीयत."

"कधी?"

"आरक्षण उघडलं त्याच दिवशी. गेल्या आठवड्यात."

म्हणजे आम्ही निघायच्या आधी. मी विचारलं, मग माझ्यासोबत चार दिवस कशाला आलीस?

"तुला जमलं असतं तर सातवं काढलं असतं," ती म्हणाली.

"खोटं."

"हो." तिने भांडं खाली ठेवलं. "सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. तुला सांगायची हिंमत कुणालाच झाली नाही. म्हटलं, तुझं तुलाच कळू दे."

मी चिडले नाही. चिडायला तरी कशावर? कर्द्याच्या वाटेवर ती न सुटलेली नाडी बांधत होती, तेव्हाच हे मला कळलं होतं. मी फक्त उशा बदलत राहिले.

तर ज्यांना उशीच हवी आहे त्यांच्यासाठी: पाठीवर झोपत असाल तर हवेची, निम्मी भरून. कुशीवर झोपत असाल तर फोमची, पण खांद्याच्या मापाने. सावरीची कुणी प्रेमाने दिली तर हातात धरून न्या, आणि तेवढी तयारी नसेल तर घेऊच नका. सुमनमावशींना मी अजून फोन केलेला नाही. काय सांगायचं ते ठरत नाही.

बाकी, "वैशालीताई, यंदा कुठे?" असं दर वर्षी तुम्ही विचारता. यंदा कुठेच नाही. पुढच्या वर्षी विचारू नका.