चार ग्राफिक्स कार्डे आणि दोन पायली कुरडया

आमच्या धाकट्या दिरांचा संसार आणि माझ्या दोन पायली गव्हाच्या कुरडया एकाच दुपारी, एकाच खोलीत धोक्यात आल्या. आणि दोन्हींना कारण मी होते.

दिरांचे नाव महेश. पुण्यातील एका कंपनीसाठी ते संगणकाला कापसाच्या पानांवरची कीड ओळखायला शिकवतात. (आमच्या तालुक्यात ती कीड शाळा बुडवून शेतात हिंडणारे पोरही ओळखते, आणि त्याला वीज लागत नाही.) त्यांची पत्नी वर्षा पाटोद्याजवळच्या शाळेत शिक्षिका. लग्नाला तीन वर्षे झाली होती, आणि या तीन वर्षांत दोघांच्या वाट्याला आले ते फक्त रविवार. त्यातलाही अर्धा एसटीच्या खिडकीशी संपलेला. अखेर कंपनीने एक सवलत दिली. यंत्र घरी न्या, पाटोद्यात बसून काम करा. मात्र आधी ते आठ दिवस, आठ रात्री, क्षणभरही न थांबता चालवून दाखवा. थांबले, तर यंत्र आणि महेश, दोघेही पुण्याला परत.

वर्षाने यासाठी शनिवारचा उपवास धरला. मी काय धरले, ते पुढे येईलच.

संगणक म्हणजे पेटी, अशी माझी भाबडी समजूत होती. हे प्रकरण मात्र उघडेबाघडे निघाले. ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर विटेएवढी चार काळी कार्डे ओळीने टांगलेली, प्रत्येक कार्डाला तीन-तीन पंखे, खाली दोन पॉवर सप्लाय, आणि सर्वांगातून वळवळणाऱ्या तारा. एवढे महागाचे यंत्र, आणि अंगावर कापड नाही!

"भावजी, याचं झाकण पुण्यात राहिलं का?" मी विचारले.

"झाकण घातलं तर गुदमरतंय ते, वैनी. इस्त्रीपेक्षा जास्त गरम होतंय, गिझरपेक्षा जरा कमी."

म्हणजे न इस्त्री, न गिझर. अशा अधांतरी वस्तूबद्दल आदर कसा वाटावा?

ते चालू झाले तेव्हा आवाज दूरच्या ओढ्यासारखा होता. तासाभरात तो जवळच्या गिरणीसारखा झाला, आणि संध्याकाळपर्यंत जेवूनही न उठणाऱ्या पाहुण्यासारखा. आमच्या यजमानांनी टीव्हीचा आवाज वाढवला, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांच्या टीव्हीचा वाढवला, आणि आमच्या गल्लीत बातम्या दोन्ही भिंतींमधून ऐकू येऊ लागल्या. तेव्हा मी निकाल दिला: यंत्र बैठकीत राहणार नाही, मागच्या धान्याच्या खोलीत जाईल. तिथे उत्तरेची भिंत आहे, थंड शहाबादी फरशी आहे, आणि ज्वारीच्या कोठ्यांना ऐकू येत नाही. घरातली कोणती वस्तू कुठे राहील, हे ठरवण्याचा अधिकार थोरल्या जावेचा असतो. त्यावर अपील नसते.

आता तिथवर वीज न्यायची, म्हणून शेषेराव आले. शेषेराव हे आमच्या गल्लीचे वायरमन. विजेचे सर्व आजार तार बारीक असल्याने होतात, असे त्यांचे वैद्यक सांगते. फ्यूज उडतो? जाड तार टाका. पुन्हा उडतो? आणखी जाड टाका. (या उपचाराने फ्यूज वाचतो. घर जळते; पण फ्यूज वाचतो.)

महेशरावांच्या मागण्या ऐकून शेषेरावांनी टेस्टर खिशात ठेवला आणि बसायला खुर्ची मागितली. मीटरपासून स्वतंत्र जाड केबल हवी. मध्ये कुठेही एक्स्टेन्शन बोर्ड नको. अंगणात कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचा खड्डा हवा, आणि त्यात रोज बादलीभर पाणी. (टँकरच्या दिवसांत! माझा मोगरा तहानेने कोमेजत असताना, ज्यात काहीच उगवणार नाही अशा आळ्याला पाणी!) वीज गेली तर दोन तास पुरतील एवढ्या बॅटऱ्या हव्यात. आणि या साऱ्याच्या पुढे, यंत्राच्या अगदी तोंडाशी, एक लहानशी पेटी हवी. वीज कुठे किंचित जरी गळली, तरी क्षणात सारे तोडून टाकणारी. शेषेराव त्या पेटीला शेवटपर्यंत 'डबडं' म्हणाले, आणि मला तो शब्द तेव्हा फार समर्पक वाटला.

"आवो, ह्या घराच्या लाईनीवर पिठाची गिरणी चालती," शेषेराव म्हणाले. "कंप्युटर कावून चालणार न्हाई?"

"गिरणी बंद पडली तर दळण उद्यावर जातंय, शेषेराव. हे बंद पडलं तर मी पुण्याला जातो."

वर्षा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने पहिला कप शेषेरावांना दिला, साखर दुप्पट घालून.

चाचणी सुरू झाली. महेशरावांनी सर्वांना बजावले की खोलीचे दार लावलेले राहील आणि आत कोणी जाणार नाही. खिडकीच्या जाळीतून गार हवा येईल, यंत्राच्या एका अंगाने ती आत ओढली जाईल, दुसऱ्या अंगाने तापून बाहेर पडेल, आणि भिंतीतला पंखा तिला अंगणात फेकेल. एवढे साधे होते. मी मान डोलावली. माझ्या मान डोलावण्याचा अर्थ मी ऐकले असा होतो. पाळीन असा नव्हे.

चार दिवस निर्विघ्न गेले, म्हणून मी गहू भिजत घातला. कुरडयांचे गणित ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. गहू तीन दिवस भिजतो, आंबतो, वाटला जातो, त्याचा दुधासारखा चीक निघतो. आणि तो शिजवून सोऱ्यातून पाडला की त्याला त्याच दिवशी कडक ऊन लागते. ऊन ही वस्तू बीड जिल्ह्यात कधी कमी पडली आहे का? ज्या जिल्ह्यात दुसरे काही पुरेसे नसते, तिथे उन्हाचा तरी भरवसा धरावा की नाही?

सातव्या दिवशी सकाळी चीक शिजला. आंबूस, उबदार वाफेने स्वयंपाकघर भरले. मोत्यासारखा पारदर्शी तो गोळा सोऱ्यात भरला. आणि नेमके तेव्हाच बालाघाटाच्या डोंगरावरून शाईच्या दौतीसारखे ढग उतरले. अवकाळी! घरात दोन पायली गव्हाचा चीक, आणि बाहेर भुरभुर. हवामान खात्यावर, ढगांवर आणि आमच्या यजमानांवर (ते गच्चीवरून बाज खाली आणताना "पाऊस आला वाटतं" असे म्हणाले होते) मी यथाशक्ती तोंडसुख घेतले.

त्याच तिरमिरीत ज्वारी काढायला म्हणून मी त्या खोलीचे दार उघडले. (ज्वारी लागतच होती. हे मी पुढेही अनेकांना सांगितले.) आणि अंगावर वैशाख आला! कोरडा, अखंड, एकाच दिशेने वाहणारा कढत वारा. त्याला तापलेल्या धातूचा आणि जुन्या धान्याचा वास. डोळे मिटले असते, तर गच्चीवर दुपारी दोन वाजता उभी आहे असे वाटले असते. चार कार्डे गेले सात दिवस हे ऊन तयार करीत होती, आणि त्यांचा मालक ते अंगणात फेकून देत होता. शिकलेल्या माणसांचा उधळेपणा!

महेशराव बैठकीत कानांत बोंडे घालून कंपनीच्या मीटिंगमध्ये बसले होते. वर्षाची सकाळची शाळा सुटून ती नुकतीच आली होती. मी तिला बाजेचे दुसरे टोक धरायला बोलावले.

"अक्का, दार उघडू नका म्हणलंय ह्यांनी."

"दार मघाशीच उघडलं. आता फक्त आत जायचंय."

वर्षा शिक्षिका आहे. पण मी थोरली जाऊ आहे.

कढत वाऱ्याच्या बाजूला बाज टाकून पहिला घाणा घातला. दोन तासांत कुरडया खडखडू लागल्या; पांढऱ्याशुभ्र, पक्ष्याच्या घरट्यासारख्या. आयुष्यात एवढा अभिमान मला क्वचितच वाटला असेल. पानांवरच्या किडी बघत बसलेल्या या यंत्राचे खरे जीवितकार्य पाटोद्याच्या एका गृहिणीने शोधून काढले होते! अर्धा चीक अजून उरला होता आणि बाज भरली होती. तेव्हा मी विचार केला: ज्याअर्थी यंत्राच्या या बाजूने वारा येतो, त्याअर्थी त्या बाजूनेही येत असणार. (तर्कशास्त्र हा माझा विषय कधीच नव्हता.)

म्हणून मी यजमानांचे धुतलेले धोतर घेतले, त्याचे एक टोक ज्वारीच्या कोठीच्या कडीला बांधले, आणि दुसरे, ओल्या हातांनी, थेट यंत्राच्या सांगाड्याला. त्या झोळीवर कुरडया पाडू लागले. वारा मात्र काही लागेना. उलट धोतरच हळूहळू यंत्राकडे सरकू लागले आणि पंख्यांना असे घट्ट चिकटले, जणू त्यांना कित्येक दिवसांची तहान होती. यंत्राचा सूर चढला. षड्ज सोडून तो पंचमावर गेला, तिथून वर, आणखी वर. मला वाटले, त्याला काम आवडले असावे.

मग धोतराची कडा घसरली, ओल्या चिकाचा एक लोंबता धागा खालच्या पॉवर सप्लायवर उतरला, 'टक्' असे काहीतरी वाजले, आणि सात दिवसांत प्रथमच आमच्या घरात शांतता झाली.

इतकी भयंकर शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत वर्षा माझ्याकडे पाहत होती.

भिंतीवरच्या पेटीतले बटण पडले होते. मी ते वर केले. ते खाली आले. पुन्हा वर केले, पुन्हा खाली. बैठकीतून महेशरावांचा इंग्रजी आवाज शांतपणे येत होता. त्यांना अजून काही कळले नव्हते. मी शेषेरावांना फोन करून मागच्या दाराने बोलावले. ते आले, धोतर पाहिले, कुरडया पाहिल्या, आणि धंद्याला शोभेल अशा गांभीर्याने एक कुरडई चाखली.

"सगळा दोष ह्या डबड्याचा हाय," ते म्हणाले. "काढून टाकतो मधून. डायरेक्ट जोडतो. दोन मिनिटाचं काम, कुनाला कळत बी न्हाई."

आणि मी, जिने आठवडाभर या माणसाच्या जाड तारेची टिंगल केली होती, त्या मी म्हटले, "लवकर करा."

त्यांनी पक्कड काढली. तोवर वर्षा पेटीसमोर जाऊन उभी राहिली होती. पाठ भिंतीला टेकून, दोन्ही हात मागे. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"नको, अक्का. ह्यांना जाऊ दे पुण्याला. पर इथं कुनी चिकटून मेलेलं मला बघायचं न्हाई."

मग तीच बैठकीत गेली आणि नवऱ्याला घेऊन आली.

महेशरावांनी दाराशी उभे राहून सारे दृश्य नीट पाहून घेतले. सर्वप्रथम त्यांनी प्लग काढला. धोतर सोडवले. पंख्यांतून चिकाचे धागे उपसले. नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, "वैनी, ह्याला फक्त कीड ओळखता येती. कुरडई अजून शिकवली न्हाई."

मी हातातला सोऱ्या पदराआड घेतला.

"सांगाडा वल्या हातानं धरलता ना?"

"धरलता," मी म्हणाले. (तीस वर्षे कवितेत शुद्ध मराठी लिहिणाऱ्या माझ्या तोंडून हा शब्द असा निघाला.)

"मग त्या डबड्यानं काय वाचवलं, ते ध्यानात घ्या."

शेषेराव तोवर मागच्या दाराने अंतर्धान पावले होते. जाताना चार वाळलेल्या कुरडया घेऊन.

कंपनीला कारण कळवायचे होते. यंत्राच्या तापमानाचा आलेख त्यांच्याकडे आपोआप पोहोचतच होता, आणि त्यात दुपारपासून बालाघाटाचा डोंगर उभा राहिला होता. महेशराव म्हणाले की मीच सांगतो. पण एवढा मोठेपणा मला सोसवला नसता. म्हणून मी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसले आणि सारे कबूल केले. गव्हापासून. पडद्यावरच्या साहेबीणबाई आधी सारे लिहून घेत होत्या; धोतराशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. माझ्या शेजारी वर्षा पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"वाळल्या का?" बाईंनी अखेर विचारले.

"पहिला घाणा वाळला," मी म्हणाले.

त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ तोंडापुढे धरून ठेवला. मग कामाचे बोलल्या. जे थांबायला हवे होते, ते थांबायला हवे तेव्हा थांबले. एकही कार्ड जळले नाही, माणूसही शाबूत. म्हणजे घरातली वायरिंग चोख आहे. चोख नाही ते फक्त घरातले माणूस. तेव्हा एक पॉवर सप्लाय बदला, आठ दिवस पहिल्यापासून मोजा, खोलीला कुलूप लावा, आणि दारावर नियम स्वच्छ मराठीत लिहून लावा, म्हणजे पुन्हा कोणाचा गैरसमज व्हायला नको.

कुलपाची किल्ली वर्षाकडे गेली. पुढचे आठ दिवस थोरल्या जावेने धाकट्या जावेकडे ज्वारीसाठी अर्ज केला, आणि दर वेळी कारण विचारले गेले. नवव्या दिवशी सकाळी महेशराव बैठकीत येऊन फक्त "झालं" म्हणाले. वर्षाने किल्ली टेबलावर ठेवली, आत गेली, आणि बराच वेळ नळ सोडल्याचा आवाज येत राहिला. तेही टँकरच्या दिवसांत.

दारावरचे नियम मी लिहिले होते. घरात अक्षर आणि भाषा माझीच बरी, असे सर्वांचे मत पडले. महेशरावांनी त्या नियमांचे छायाचित्र कंपनीला पाठवले. तिथे ते इतके आवडले, की गावोगावी घरून काम करणाऱ्या त्यांच्या सर्व माणसांना ते छापून वाटण्यात आले. तीस वर्षे मी मासिकांकडे कविता पाठवते आहे आणि त्या साभार परत येत आहेत. अखेर माझी एक ओळ छापली गेली, दूरदूरच्या घरांत भिंतीवर लागली, आणि ऐकते, की काहींना ती तोंडपाठही आहे: 'यंत्राच्या हवेवर कुरडया वाळवू नयेत.' खाली कवयित्रीचे नाव नाही. पण कंपनीत ते प्रत्येकाला ठाऊक आहे.