हरभरा मरेना

हिरवंगार वावर पाहून रडणारी बाई त्या काळी अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल, आणि ती मी होते. वर्षं तशी रडण्याचीच होती. हरभऱ्याला मर लागली की सगळं घर बांधावर उभं राहून मुकाट बघायचं. मी मात्र रडत होते ते हरभरा मरत नाही म्हणून!

पस्तिशी उलटल्यावर मला पीएच.डी.चं खूळ लागलं होतं. अकोल्याच्या एका कृषी महाविद्यालयात मी मर रोगावर काम करत होते. त्याची बुरशी मातीत राहते, मुळातून आत शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबवते. ओल्या जमिनीत उभं झाड तहानेनं मरतं. या बुरशीला दाद न देणारा एक वाण मी तीन हंगाम निवडत आणला होता. यंदा त्याची परीक्षा, आणि नापास झाला तर चाचणीच्या यादीतून कायमचा बाद.

परीक्षेची जागा म्हणजे ‘आजारी प्लॉट’. मुद्दाम रोगट ठेवलेला जमिनीचा तुकडा. मेलेली झाडं तिथंच चिरून गाडायची, म्हणजे बुरशी टिकते. माझ्या वाणाशेजारी मरीला हमखास बळी पडणारा एक नाजूक वाण पेरायचा. तो मेला आणि माझा जगला, तरच माझं खरं.

उन्हाळ्यात प्लॉट माझ्या ताब्यात आला. मी पडले शेतकऱ्याची लेक. वावरात वाळकी झाडं आणि धसकटं पडलेली बघून मला चैन पडेना. बाया लावल्या, सगळं वेचलं, बांधावर ढीग करून पेटवलं. जमीन खोल नांगरून उन्हात तापू दिली. एवढ्यावर थांबेल ती मी कसली? शेतकऱ्यांना दाखवायला आणलेलं, रोगाच्या बुरशीला खाणारी बुरशी मिसळलेलं शेणखत उरलं होतं, तेही पसरून टाकलं. मग कमरेवर हात ठेवून स्वतःवरच खूश! डोक्यात पुस्तकं चिकार, पण अक्कल बहुधा त्याच ढिगात जळाली.

पेरणी होऊन नोव्हेंबर संपला तरी नाजूक वाण वाऱ्यावर डोलत होता. माझे मार्गदर्शक सर बांधावर आले.

“मॅडम, हे काय?”

“साफसफाई केली, सर.”

सरांनी वाकून मूठभर माती उचलली. मग हळूच म्हणाले, “किती वर्षं लागली हो ही जमीन आजारी करायला.”

बिचाऱ्यांनी एकच वाट सुचवली. कुठून तरी रोगट माती आणा, कुंड्यांत पेरा. मी तशीच अंजनगाव सुर्जीला सासरी गेले, कारण सासूबाईंच्या हरभऱ्याला मर लागल्याचा निरोप आला होता. गेल्या गेल्या मी आनंदानं विचारलं, “आई, किती झाडं मेली?”

“काहून वं, तोंडात साखर घालू का तुह्या?”

मग चुलीपाशी बसून त्यांना सगळं समजावलं. बुरशीच्या अंगावर कायटिनचं आवरण असतं. मुळाच्या पेशीवर पहारेकरी प्रथिनं असतात, ती त्या आवरणाचे तुकडे ओळखतात आणि आत इशारा देतात. मग पेशी आपल्या भिंती जाड करते. पण बुरशीही लबाड. ती आपली बारकी प्रथिनं आत सोडते आणि तो इशाराच दाबून टाकते. चिवट वाणाच्या पेशीत आणखी एक प्रथिन दबा धरून असतं. ते बुरशीची ही लबाडी पकडतं आणि पुन्हा दुप्पट जोरानं बोंब ठोकतं.

सासूबाई भाकर थापता थापता म्हणाल्या, “म्हंजे दारातला चौकीदार फितूर झाला, त घरातली म्हातारी जागी पायजे.”

माझ्या प्रबंधाच्या तीनशे पानांत हे इतकं नीट कुठंच नव्हतं.

दोन पोती माती आणि मेलेली झाडं घेऊन मी एसटीत चढले. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, “काय हाय यात?”

“माती.”

“अकोल्यात माती नाई का?”

“आहे. पण ती बरी झाली.”

त्यानं मला खिडकीपाशी बसवलं आणि अकोटपर्यंत माझ्याकडे फिरकला नाही.

महाविद्यालयाच्या शेडमध्ये कुंड्या भरल्या, दोन्ही वाण पेरले. रोज सकाळी जाऊन नाजूक रोपांना विनवायची, “मरा ना गं बायांनो!” महिना होत आला तशी एकीनं मान टाकली. मग दुसरीनं. मी शेडमध्ये टाळ्या वाजवत ओरडले, “मेली! मेली!” चौकीदार काठी घेऊन धावत आला. कुंडीतलं रोप बघून तो माझ्याकडे असा बघू लागला, की मला आणखीच हसू फुटलं.

माझ्या वाणाचीही दोन रोपं कोमेजली होती. माझं हसू तिथंच थांबलं. बाकीची ताठ होती, पण बाहेरून ताठ दिसणं पुरत नाही. सरांना बोलावलं, त्यांनी ब्लेड घेतलं. मेलेल्या रोपाचा बुंधा उभा चिरला, आत तुंबलेल्या नळ्यांची काळपट तपकिरी रेघ. मग माझ्या वाणाचं एक ताठ रोप उपटलं. मी डोळे मिटून घेतले.

“बघा तरी.”

आतून पांढरंशुभ्र! सरांनी दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. मग “दोन गेली तरी चालतील,” म्हणत यादी ओढून माझ्या वाणासमोर पुढच्या हंगामाची खूण केली. मी हसायला लागले ती थांबेचना.

“मॅडम,” सर ब्लेड पुसत म्हणाले, “बाहेर जाऊन हसा. आणि जाताना कशालाही हात लावू नका.”