फुटाण्याचा आवाज

"दात दाखवायला असतात, सूनबाई. जेवायला जीभ लागते." एवढे बोलून मामा आपले तोंड पूर्ण उघडून दाखवीत. आत एकही दात नसे. नुकत्याच न्हाऊन निघालेल्या तान्ह्या मुलाच्या तोंडासारखे ते स्वच्छ, गुलाबी आणि निःशंक होते.

ते नात्याने कोणाचेच मामा नव्हते. तहसील कचेरीत उभा जन्म काढून पेन्शनीत निघालेले, पत्नी गेलेली, मूलबाळ नसलेले असे ते गृहस्थ वसमतला आमच्या समोरच्या घरात एकटे राहत. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे. त्यांना चुकवायचे असेल तर जेवण नेहमीच्या वेळेच्या आधी उरकावे, असेही गल्लीच म्हणे.

तुम्हीही असा एखादा शेजारी पाहिला असेल. ताटे मांडली की तो दारात उभा असतो, आणि आपण बोलावल्यावाचून बसत नाही; पण न बोलावण्याची संधीही देत नाही. मामा उंबऱ्यात थांबत, डोळे मिटत, स्वयंपाकघराच्या दिशेने मान किंचित उंचावीत आणि म्हणत, "मेथी हाय. लसूण जरासा करपला, पण चालंल."

माझ्या सासूबाईंना ते मुळीच खपत नसे. "नाक हाय का चौकीवरचा जमादार?" त्या चुलीपाशी पुटपुटत. पण पानावर वाढताना त्यांचा हात कधी आखडला नाही. मामा भाकरी वरणात बुडवून तिचे मऊ घास करीत, टाळूशी दाबून धरीत आणि सावकाश खाली सोडीत. भैरवी संपू नये म्हणून गायकाने शेवटचा सूर लांबवावा, तसे त्यांचे जेवण असे.

त्या वर्षी, हळदी शिजवण्याच्या दिवसांत, माझी सात वर्षांची यमुना दाढेने आजारी पडली. गाल आधी सुजला, मग तापला. मग सूज हनुवटीपर्यंत उतरली. हिंगोलीच्या दवाखान्यात तिला गुंगीचे औषध देऊन डॉक्टरांनी दोन दाढा काढल्या आणि जबड्यातला पू काढून हाड साफ केले. दाढा दुधाच्या होत्या, पुन्हा येतील, असा धीरही दिला. निघताना मात्र ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "जखम भरेल. पण पोटात पाणी आणि अन्न जायला हवं. उद्या संध्याकाळपर्यंत काही घेतलं नाही, तर ताबडतोब परत घेऊन या."

आगगाडीने आम्ही वसमतला आलो. शिवारात हळदीच्या कढया रटरटत होत्या. त्यांचा मातकट, उष्ण वास डब्यातही शिरला होता. पण यमुनेच्या केसांना त्या गुंगीच्या औषधाचाच गोडसर, परका वास येत होता. जणू माझे मूल अजून पुरते माझ्याकडे परतले नव्हते.

घरी आल्यावर तिने ओठ मिटले ते मिटलेच. दवाखान्यात पाण्याचा पहिला घोट जखमेला झोंबला होता. तेव्हापासून वाटी दिसली की ती भिंतीकडे तोंड फिरवी. सासूबाईंनी दूध दिले, हळद घालून दिले, खडीसाखर घालून दिले. मी विनवले, रागावले, पुन्हा विनवले. यमुनेचे वडील कापसाच्या खरेदीसाठी बाहेरगावी गेलेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचे ओठ वाळून त्यांवर पापुद्रे धरले. डोळ्यांतून पाणी येईनासे झाले, तेव्हा मी घाबरले. मी गाडीवानाला निरोप पाठवला आणि पुन्हा हिंगोलीला जाण्यासाठी तिचे कपडे बांधू लागले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "आज फोडणीचा वास कसा न्हाई?"

"आले," सासूबाई म्हणाल्या. "घरात लेकरू आडवं पडलंय, तरी यांची पंगत चुकत न्हाई."

मामांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. ते आत आले, यमुनेच्या अंथरुणापाशी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "माझं ताट इथंच आणा, वैनी."

मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारले, "काय गं, किती गेले तुझे?"

यमुनेने दोन बोटे दाखवली.

"बस? माझे बत्तीस." आणि त्यांनी तोंड उघडले.

यमुना आजवर मोठ्यांच्या धाकाने त्या तोंडाकडे चोरून पाहत आली होती. आता ती कोपरावर उठली आणि तिने निवांत, मनसोक्त पाहून घेतले.

"तकलीफ हाय, मला ठाऊक हाय. बोलू नको, मान हलव. तोंड कसं लागतंय? लोखंड चाटल्यावानी?"

मान हलली.

"मग त्याच्यावर दूध कसं लागंल? मी बी न्हाई पिणार." ते सासूबाईंकडे वळले. "वैनी, ज्वारीची आंबील करा. पातळ. मीठ घाला, मिरची न्हाई. फडक्यातून गाळा अन् पार निवू द्या. कण राहिला न्हाई पाहिजे; जखमंत बसतोय. दोन वाट्या."

"दोन काहून?"

"एक माझी."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी उठले नाही. कपड्यांचे गाठोडे मांडीवर धरून बसले होते. त्याच उठल्या.

आंबील आली, तशी तिच्या आंबूस वासाने खोलीतला औषधाचा वास किंचित मागे सरला. मामांनी यमुनेची वाटी तिच्या उशाशी ठेवली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी आपली वाटी घेतली, लहानशा चमच्याच्या टोकावर थोडी आंबील घेतली, डोळे मिटले.

"जिभंवर ठेवायची," ते स्वतःशीच बोलावे तसे म्हणाले. "मान चांगल्या बाजूला झुकवायची. अन् गिळायचं न्हाई. नुसतं थांबायचं. ते आपलं आपण जातंय. ओढून प्यायचं न्हाई, घाई करायची न्हाई. आपल्याला कुठं गाडी धरायची हाय?"

त्यांची वाटी अर्धी झाली. मग हात यमुनेच्या वाटीकडे गेला. "सूनबाई, ही कुणी खाईना तर मीच संपवू का?"

यमुनेने एक बोट वाटीच्या काठाला लावले आणि ती आपल्याकडे ओढली.

चमच्याचे टोक ओठांआड गेले. मान झुकली. आम्ही तिघेही तिच्या गळ्याकडे पाहत होतो. तिथे एक इवलीशी हालचाल झाली. घोट उतरल्याचा तो बारीक आवाज मी ऐकला आणि माझ्या हातातले कपड्यांचे गाठोडे आपोआप सुटले.

बाहेर गाडी येऊन उभी राहिली, तिला मी परत पाठवले. सासूबाई चुलीकडे गेल्या. मग भांडे घेऊन आल्या आणि न मागता मामांची वाटी भरली. "घ्या. उरलंय."

"मीठ जरा कमी हाय," मामा म्हणाले.

"खा गुमान."

पुढचे काही दिवस मामांची पंगत अंथरुणापाशीच बसली. विडा कुटण्याचा आपला चिमुकला पितळी खलबत्ता त्यांनी राखेने लखलखीत घासून आणला. त्यात दुधात भिजवलेली भाकरी कुटली जाई, मऊ भात आणि तूप एकजीव होई. खाणे झाल्यावर दोघे मिळून कोमट मिठाच्या पाण्याने तोंड धूत. "जोरात थुंकायचं न्हाई. तोंड उघड, पाणी पडू दे." एका पितळी तस्तात म्हातारा आणि मूल ओणवे होऊन गंभीरपणे तोंड उघडत, आणि सासूबाई पदराआड हसत.

सूज उतरली तेव्हा यमुनेने त्यांना विचारले, "मामा, तुमाला समदं खाता येतंय?"

"समदं. चव बराबर लागते." ते थोडे थांबले. "आवाज तेवढा गेला. फुटाणा फुटतो ना दाढेखाली, तो. तो काही जिभंला ऐकू येत न्हाई."

डॉक्टरांनी मोकळीक दिली त्या दिवशी यमुना मूठभर फुटाणे घेऊन समोरच्या ओट्यावर गेली. मामांच्या खांद्याला खांदा लावून बसली आणि चांगल्या बाजूने एकेक फोडू लागली. मामांनी डोळे मिटले होते. प्रत्येक फुटाण्याला त्यांची मान किंचित हले.

दोन-तीन वर्षांनी निजामी राज्यातले ते धास्तीचे वर्ष आले. गल्लीतली कितीतरी घरे कुलुपे लावून वऱ्हाडात गेली, तशी आम्हीही गेलो. मामा वाशीमला पुतणीकडे गेले. निजामी संपली, कुलुपे उघडली, चुली पुन्हा पेटल्या. समोरचे कुलूप मात्र तसेच राहिले. मामा दुपारचे जेवण करून पुतणीच्या ओसरीवर टेकले आणि तिथेच गेले, असा निरोप आला. सासूबाईंनी पहिले विचारले, "जेवून गेले ना?"

त्याच हिवाळ्यात यमुनेला रिकाम्या जागी नवी दाढ आली. आरशात पाहून ती डब्यातले फुटाणे घेऊन बाहेर पडली. मी भाकरी थापत होते. दार उघडे होते. समोर, कुलूप लावलेल्या घराच्या ओट्यावर, ती एका कडेला सरकून बसली होती. शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.

भाकरीवरचा माझा हात थांबला. फुटाणा फुटल्याचा आवाज इथवर, चुलीपर्यंत, स्वच्छ ऐकू आला.